मराठी फॅन्टसी मालिका किंडलवर: पहिला भाग फुकट ठेवावा का?

पन्हाळी_धुकं
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. तीन भागांची मराठी फॅन्टसी मालिका आहे. पहिला भाग पूर्ण, साधारण ६०,००० शब्द. दुसऱ्याचा कच्चा खर्डा झालाय, तिसऱ्याची नुसती प्रकरणवार टिपणं. प्रकाशक नको, ई-पुस्तक स्वतःच काढायचं. मित्रमंडळींचा सल्ला असा की पहिला भाग कायमचा फुकट ठेव, चटक लागली की पुढचे दोन विकत घेतील. किंडलवर हे जमतं का? जमलं तरी मराठीत चालतं का? आणि कोल्हापुरात बसून जाहिरात कुठून सुरू करायची? नेमकं माहीत असलेल्यांनी सांगा. 'लिहीत राहा, फळ मिळेल' छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी मिळतात.

रस्सावाला
'फुकट' वाचून आत आलो. पुस्तक निघालं. असू दे, बसतो मागं.

नव्वद_दिवस
'कायमचा फुकट' असा पर्याय केडीपीत, म्हणजे ॲमेझॉनवर किंडलची पुस्तकं स्वतः काढायच्या सेवेत, नाहीच. किमतीच्या चौकटीत शून्य टाकता येत नाही. लोक करतात ते असं: गूगल प्ले बुक्ससारख्या दुसऱ्या दुकानात पुस्तक फुकट लावायचं आणि ॲमेझॉनला कळवायचं, की तिकडं शून्य आहे, तुम्हीही करा. करायचं की नाही ही त्यांची मर्जी. आज शून्य केलं आणि उद्या परत किंमत लावली तर बोलायला जागा नाही.

दुसरा रस्ता केडीपी सिलेक्टचा. ९० दिवसांची मुदत, त्यातले ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, सलग किंवा सुटे. बदल्यात त्या मुदतीत पुस्तकाची डिजिटल आवृत्ती दुसरीकडं कुठंही असता कामा नये, फुकटसुद्धा. म्हणजे पहिला रस्ता धरला की दुसरा बंद.

आपल्यासाठी खरी मेख पुढं आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक सिलेक्टमध्येच असावं लागतं. नसेल तर ३५. मराठी वाचक मुख्यतः इथलाच, त्यामुळं मराठी लेखकाला ही अट सगळ्यात जास्त टोचते. इंग्रजी लेखकांचे सल्ले वाचून 'सगळ्या दुकानांत पसरा' असं ठरवणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं.

आणि मुदत आपोआप पुढच्या ९० दिवसांवर सरकते. नको असेल तर आपोआप मुदतवाढीची टिक आधीच काढून ठेवायची. टिक काढली तरी चालू मुदत संपेपर्यंत बांधील असताच.

क्रमशः
नव्वदराव, नियम बरोबर, पण वाचक कुठं आहे ते बघा की. मराठीत कथामालिका वाचणारा मोठा वर्ग मोबाइलवर प्रतिलिपीसारख्या ठिकाणी रोज एक भाग वाचतो. किंडलचं ॲप त्याच्या फोनवर असेलच असं नाही. आधी तिथं वाचक गोळा करावा, मग किंडल.

भाग १,००० ते १,५०० शब्दांचा. दिवस आणि वेळ ठरलेली, मंगळवार-शुक्रवार म्हटलं की मंगळवार-शुक्रवारच. पहिल्या तीन भागांत राज्याचा इतिहास, वंशावळ, जादूचे नियम काहीही सांगायचं नाही. एक माणूस, एक अडचण, एक विचित्र गोष्ट, बास. लेखक नकाशापासून सुरू करतो आणि वाचक दुसऱ्या भागाला पसार होतो. सुरू करण्याआधी किमान १० भाग लिहून हाताशी ठेवा, नाहीतर सातव्या भागाला 'तब्येतीमुळे उशीर' लिहायची पाळी येते.

नव्वद_दिवस
@क्रमशः, वाचक तिथं आहे हे मान्य. पण पूर्ण कादंबरी तिथं टाकली आणि तशीच ठेवून सिलेक्टची टिक मारली तर सरळ नियमभंग. सिलेक्टमध्ये असताना १० टक्क्यांपर्यंतचा मजकूर नमुना म्हणून बाहेर ठेवता येतो. ६०,००० शब्दांचे ६,००० म्हणजे तुमच्याच मापानं ४ ते ६ भाग. तेवढेच टाका आणि शेवटी 'पुढचं किंडलवर' लिहा.

आधीच सगळं टाकलं असेल तर सिलेक्टच्या आधी काढावं लागेल. तुम्ही काढलं तरी कुणीतरी कॉपी करून ब्लॉगवर किंवा टेलिग्रामवर पीडीएफ फिरवत असतो. मजकूर नेटवर सापडला तर हक्क तुमचेच आहेत ना, याची विचारणा येऊ शकते. मूळ फाइली तारखांसकट जपा.

गंगावेस_गल्ली
लई भारी चाललंय. पण भावा, तिसऱ्या भागाची नुसती टिपणं आहेत म्हणतोस? इमारतीचा जिना बांधून झाला, वरचा मजला अजून आभाळात.

शिरोरेखा
फुकट की विकत ते नंतर बघा. आधी मजकूर तपासा. खर्डा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो केडीपीला चालत नाही, युनिकोड लागतं. परिवर्तकानं बदलला की पुढचं सगळं हातानं बघायचं:

'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. हे दोन प्रकारे साठवलेलं असतं. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. पण काही सॉफ्टवेअर ते न दिसणारं चिन्ह गाळून टाकतात आणि मग 'दऱ्या' चं 'दर्या' होतं. तुमचा नायक दऱ्या ओलांडायचा तो दर्या ओलांडू लागतो, आणि शब्दतपासणीला दोन्ही बरोबर वाटतात. म्हणून सगळीकडं नुक्त्याचा ऱ करून घ्या.

'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे. 'अ' वर चंद्र चिकटवून बनवलेला असेल तर काही यंत्रांवर ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. शोधा-बदला करून सगळे एकाच प्रकारचे करा.

विसर्गाच्या जागी कोलन. 'दुःख' मध्ये लोक सर्रास कोलन मारतात. छापील पानात खपून जातं, ई-पुस्तकात नको.

ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलीत, भाषेच्या नोंदीत मराठी निवडलेली असावी. हिंदी राहिली तर जिथं फॉन्टमध्ये सोय आहे तिथंही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वाचकाला का ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

पन्हाळी_धुकं
@शिरोरेखा ताई, शोधून बघितलं. दोन्ही प्रकारचे 'ऱ्य' आहेत. अर्धे फोनवरून टाइप केलेले, अर्धे लॅपटॉपवरून. मालिकेच्या नावातच 'ऱ्य' आहे, म्हणजे आता…

शिरोरेखा
मग पहिलं काम तेच. मालिकेचं नाव पहिल्या भागाला एका प्रकारानं आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारानं टाकलं तर माणसाला एकच दिसेल, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं. नाव एका टिपणात एकदा बरोबर लिहून ठेवा आणि दरवेळी तिथूनच चिकटवा. परत टाइप करायचं नाही.

वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना 'शीर्षक १' ची शैली द्या, अनुक्रमणिका त्यातूनच बनते. परिच्छेदाची सुरुवात आत घेण्यासाठी स्पेसबार किंवा टॅब मारू नका, शैलीत समास द्या. नवं प्रकरण एंटर मारत खाली ढकलू नका, पान-खंड टाका. मुख्य मजकुराचा फॉन्ट वाचकावर सोडा. शीर्षकांसाठी हवाच असेल तर तिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. शेवटी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फोन, टॅब आणि ई-रीडर तिन्ही आकारांत सगळी पानं चाळा. पहिली दहा बघून समाधान मानू नका.

वाचनवेडी_आजी
मी फक्त वाचणारी. फॅन्टसीत नावं लक्षात राहत नाहीत हो. आणि एकाच पुस्तकात 'व्राकला', 'व्राकाला', 'व्राकास' असं तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं.

शिरोरेखा
आजी, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नवं नाव बनवताना त्याचं सामान्यरूप तेव्हाच ठरवायचं. नामसूची करा: नाव, लिंग, विभक्तीचं रूप, अनेकवचन, पहिल्यांदा येतं ते प्रकरण. मालिकेत दुसऱ्या भागाला हीच सूची वाचवते.

आणि नाव बदलताना सरसकट शोधा-बदला नको. 'वेद' चं 'वीर' केलं तर 'वेदना' ची 'वीरना' होते आणि 'संवेदनशील' चं 'संवीरनशील'. एकेक बघत बदला.

रस्सावाला
'त्याच्या छातीत तीव्र वीरना उठली.' विकत घेतो मी हे पुस्तक.

हिशेबनीस
वर ७० टक्क्यांचा उल्लेख आलाय, पण पूर्ण हिशेब कुणी मांडलेला नाही. ७० च्या योजनेत फाइलच्या आकारावर वितरणखर्च कापला जातो, ॲमेझॉन डॉट इनवर दर एमबीला ₹७. ३५ च्या योजनेत हा खर्च नाही.

समजा कर वगळून किंमत ₹१००.
फाइल १ एमबी: १०० वजा ७, म्हणजे ९३. त्याचे ७० टक्के ₹६५.१०.
फाइल ३ एमबी: ७९ चे ७० टक्के ₹५५.३०.
फाइल ८ एमबी: ४४ चे ७० टक्के ₹३०.८०.

३५ च्या योजनेत सरळ ₹३५ मिळाले असते. म्हणजे ८ एमबीच्या फाइलला ७० टक्के घेऊन तुम्ही तोट्यात. नुसत्या मजकुराची कादंबरी एवढी फुगत नाही, फुगवतात ती चित्रं. फॅन्टसीत हमखास नकाशा, घराण्यांची चिन्हं, प्रत्येक प्रकरणावर वेलबुट्टी. तीच वेलबुट्टी ३० प्रकरणांना ३० वेगळ्या फाइली म्हणून घालू नका, एकच फाइल सगळीकडं वापरा. रूपांतरानंतरचा आकार किमतीच्या पानावर दिसतो, तिथं बघूनच योजना निवडा.

कराचंही उरकतो. खातं उघडताना कराची मुलाखत असते, त्यात डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरला जातो. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन द्या. भारत-अमेरिका करारामुळं अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ई-पुस्तकाला लागत नाही, ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. छापील काढणार असाल तर आयएसबीएन भारतात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या 'पॅकेज'वाल्यांना नमस्कार करा.

मुखपृष्ठ_मिस्त्री
नकाशाचा विषय निघालाच तर: बहुतेक ई-रीडर काळे-पांढरे असतात. लाल सीमा आणि हिरवी सीमा दोन्ही सारख्याच राखाडी होतात. सीमा रंगानं नको, रेषेनं वेगळी करा: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. फोनच्या रुंदीत गावांची नावं वाचता आली पाहिजेत. येत नसतील तर नकाशाचे दोन तुकडे करा, उत्तर आणि दक्षिण.

मुखपृष्ठ: उंची २५६०, रुंदी १६०० पिक्सेल, जेपेग, आरजीबी. छपाईवाल्याकडून आलेली छपाईच्या रंगांची सीएमवायके फाइल तशीच चढवली की रंग मळकट दिसतात. पांढरं मुखपृष्ठ दुकानाच्या पांढऱ्या पानात विरघळतं, त्याला ३-४ पिक्सेलची राखाडी कड द्या.

मग चित्र फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. देवनागरीत आधी मरतात त्या बारीक मात्रा आणि रफार. बारीक रेघांचा नाजूक फॉन्ट कागदावर देखणा, नखाएवढ्या चित्रात नुसती शिरोरेखा उरते. तिन्ही भागांवर मालिकेचं नाव आणि भागाचा अंक त्याच जागी, त्याच आकारात हवा. तिन्ही मुखपृष्ठांचा आराखडा एकदम करा. पहिल्यावर ऐसपैस शीर्षक बसवलं आणि तिसऱ्याचं नाव लांबलचक निघालं की सगळी रचना मोडते.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत 'कि' ची वेलांटी अक्षराच्या मागं पडत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा.

गंगावेस_गल्ली
मुखपृष्ठ एआयकडून काढलं तर? एका मिनटात ड्रॅगन तयार.

मुखपृष्ठ_मिस्त्री
काढा, पण केडीपीत पुस्तक चढवताना विचारतात: मजकूर, चित्रं, भाषांतर यांतलं काही एआयनं बनवलंय का? तिथं खरं सांगायचं. शिवाय एआयला देवनागरी अक्षरं काढायला सांगू नका, बऱ्याचदा अक्षरासारखं दिसणारं काहीतरी येतं. आणि तिन्ही भागांवर तोच चेहरा, तोच पोशाख मिळवता मिळवता ते एक मिनिट आठवडाभर चालतं.

रस्सावाला
पण ड्रॅगनच कशाला? पन्हाळ्यावर ड्रॅगन उतरला तर त्याला पांढरा रस्सा द्यायचा की तांबडा?

वाचनवेडी_आजी
विनोद राहू दे, मुद्दा खरा आहे. आपल्याकडं देवळांवर व्याळ आहेत, किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड आहेत. कोल्हापूरचं नावच कोल्हासुराच्या कथेतून सांगतात. ललितापंचमीला टेंबलाईवर कोहळा फोडतात तो त्याच कथेचा भाग. हे सोडून उसने राक्षस कशाला?

नव्वद_दिवस
आजी, पटलं. यात धंद्याचाही फायदा आहे. पुस्तक चढवताना शोधासाठीच्या मुख्यशब्दांच्या ७ चौकटी मिळतात, प्रत्येकी ५० अक्षरांच्या. नुसतं 'फॅन्टसी' टाकून काय होणार? त्यात व्याळ, शरभ, गडकोट, तंत्रविद्या असे शब्द घाला. निम्म्या चौकटी देवनागरीत आणि निम्म्या रोमन लिपीत भरा, कारण मराठी वाचक शोधताना बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतो. दुसऱ्या लेखकांची किंवा गाजलेल्या पुस्तकांची नावं तिथं घालायला मनाई आहे, तसंच 'फुकट', 'सर्वोत्तम' असले शब्दही. शीर्षकात जे लिहाल ते मुखपृष्ठावर जसंच्या तसं असावं. वर्ग तीन निवडता येतात, तिन्ही वापरा.

क्रमशः
जाहिरातीबद्दल कुणी बोललंच नाही. व्हॉट्सॲपचे गट आहेतच, पण पहिल्याच दिवशी दुवा टाकून 'कृपया वाचा' केलं की लोक गट म्यूट करतात. आधी आठवडाभर एक-एक तुकडा टाका: नकाशाचा कोपरा, एक शापवाणी, एखाद्या प्राण्याचं चित्र. दुवा शेवटच्या दिवशी. ॲमेझॉनचा दुवा कॉपी केला की मागं लांबलचक शेपूट येते, पुस्तकाच्या दहा अक्षरी क्रमांकाच्या पुढचं सगळं कापून टाका.

कोल्हापुरात राजारामपुरीतली झेरॉक्स-छपाईची दुकानं, महाविद्यालयांचे कट्टे, करवीर नगर वाचन मंदिरासारखी वाचनालयं. परवानगी घेऊन पुस्तकखुणा ठेवा. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला क्यूआर. क्यूआर २ सेंटीमीटरपेक्षा लहान नको आणि चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली स्कॅन व्हायला अडतं. छापायला देण्याआधी तीन वेगळ्या फोनवर तपासा.

हिशेबनीस
भर घालतो: छापील आवृत्ती सिलेक्टच्या बंधनात येत नाही, ती कुठंही विका. बंधन फक्त डिजिटलवर.

परीक्षणं मात्र जपून. चुलते, मावस-भाऊ, ऑफिसातले सगळे एकाच रात्री पाच तारे देतात आणि ॲमेझॉन ते उडवतं. जवळच्यांनी परीक्षण लिहायला मनाई आहे, पैसे देऊन किंवा 'तू माझं लिही, मी तुझं' करूनही. प्रत आगाऊ देता येते, पण चांगलंच लिही अशी अट घालता येत नाही.

गंगावेस_गल्ली
म्हणजे आमच्या तालमीतल्या ४० पोरांचे २०० तारे गेले पाण्यात.

पन्हाळी_धुकं
सगळं टिपून घेतोय. पण मूळ प्रश्न तसाच आहे. सिलेक्ट घ्यायचं ठरलं, तर ते ५ फुकट दिवस कधी वापरू? प्रकाशनाच्या दिवशीच?

नव्वद_दिवस
नाही. दुसरा भाग विकायला लागल्याशिवाय पहिला फुकट देण्यात अर्थ नाही. फुकट उतरवलेली बरीच पुस्तकं उघडलीच जात नाहीत. उघडून शेवटपर्यंत जाणारे थोडे, पण पुढच्या भागाचे गिऱ्हाईक तेच. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि पुढं काहीच नसलं, तर तीन महिन्यांनी त्यांना मालिकेचं नावही आठवणार नाही.

क्रम असा ठेवा. पहिला भाग किमतीला काढा. किंडल अनलिमिटेडवाले, म्हणजे वर्गणी भरणारे, तसाही वेगळे पैसे न देता वाचतातच, त्याचे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. दुसरा भाग आला की केडीपीच्या बुकशेल्फमधून मालिकेचं पान तयार करा, दोन्ही भाग मुख्य म्हणून क्रमानं जोडा. एखादी जोडकथा असेल तर ती 'संबंधित' मध्ये टाका, क्रमांक देऊ नका. मग पहिल्या भागाची फाइल पुन्हा चढवा: 'समाप्त' च्या लगेच खाली दुसऱ्या भागाचा दुवा आणि त्याचं पहिलं प्रकरण. आभार, लेखक-परिचय त्याच्यानंतर. तीन पानांच्या आभारापर्यंत वाचक टिकत नाही. हे झालं की ३ दिवस फुकट ठेवा. उरलेले २ हातात राहू द्या.

वेळ नीट बघा. हा 'दिवस' अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं चालतो. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सकाळी ८ ला 'आजपासून फुकट' असा निरोप पाठवला तर लोक जातात, किंमत बघतात आणि परत येत नाहीत. दुपारी स्वतः पान उघडून शून्य दिसलं की मगच निरोप सोडा.

क्रमशः
यावर माझं भांडण नाही. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या भागात सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. त्यापेक्षा पहिला थांबवा.

गंगावेस_गल्ली
मी तेच म्हटलं होतं, जिना आणि मजला. माझं कोण ऐकतंय.

पन्हाळी_धुकं
ऐकलं. पहिला भाग थांबवतोय. दुसऱ्याचा खर्डा पक्का झाला आणि तिसऱ्याची निदान १० प्रकरणं हातात आली की मग पहिला चढवेन. तोवर नामसूची आणि 'ऱ्य'. आत्ताच मोजलं, न दिसणाऱ्या जोडचिन्हाचे ४१२ निघाले.

शिरोरेखा
आणखी एक बघा. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याला' असले शब्द सुटतात, कारण शोधताना आपण 'ऱ्या' सुट्या शब्दातच धरतो. नुसतं र, हलन्त आणि जोडचिन्ह एवढंच शोधा, आकडा वाढेल.

पन्हाळी_धुकं
५६७.